कलदार मुलखातला चहा

सिताराम गुरुजींना चहा बाधतो, ही गोष्ट सगळ्या पालमला ठाऊक होती. शाळेत मधल्या सुट्टीत किशनरावाच्या हॉटेलातून किटली यायची, मास्तर मंडळी फुरके मारत प्यायची आणि गुरुजी हात आडवा करून म्हणायचे, नको, जळजळतं. घरी मात्र सकाळी एक आणि दुपारी एक असे दोन कप त्यांना बिनतक्रार पचायचे. घरचा चहा का बाधत नाही, असं त्यांना कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर गुरुजींनी दुधाचा, पाण्याचा नाहीतर पितळेच्या भांड्याचा काहीतरी शास्त्रीय खुलासा दिला असता. खुलासे देण्यात त्यांचा हात धरणारा गावात कुणी नव्हता.

दुसरी गाजलेली गोष्ट म्हणजे त्यांची काटकसर. वस्तीत कुणाचं लग्न निघालं की लोक आधी गुरुजींकडे यायचे, किती खर्चात बसेल ते विचारायला. गुरुजी बसवून द्यायचे, वर पत्रावळीचे पैसे उरवून दाखवायचे. याचा त्यांना अभिमान होता आणि तो लपवायचा त्यांनी कधी प्रयत्न केला नाही.

अशा माणसाची मुलगी चौऱ्याहत्तर साली परदेशी निघाली.

विशाखा सोळा वर्षांची, नुकतीच मॅट्रिकची परीक्षा देऊन मोकळी झालेली. बुद्धजयंतीच्या सुमाराला लंकेत तरुण मुलामुलींचा मेळावा भरणार होता आणि परभणीच्या कॉलेजात शिकवणारे दत्तराव सर मराठवाड्यातून दहा मुलं घेऊन जाणार होते. भाषणाच्या स्पर्धेत विशाखा पहिली आली आणि दहांत तिचा नंबर लागला. रेल्वे, बोट, विहारात राहणं आणि दोन वेळचं जेवण, सगळं संस्थेकडून. वरखर्च तेवढा ज्याचा त्याने करायचा. दत्तराव सर हे सगळं सांगायला मुद्दाम पालमला आले. सरकार परदेशी पैसा मोजकाच बदलून देतं, तो आपण मद्रासला बदलून घेऊ, म्हणाले. आणि जाता जाता त्यांनी एक प्रश्न ठेवला. मुलांचा पैसा मुलांच्या हातात द्यायचा की सरांकडे ठेवायचा, हे आईबापांनी ठरवावं आणि निघायच्या दिवशी परभणीच्या स्टेशनवर सांगावं. बहुतेकांनी माझ्याकडेच ठेवायचं ठरवलंय, हेही ते म्हणाले.

गुरुजींना तेच ऐकायचं होतं. त्यांनी मान डोलावली. पण विशाखा दाराला टेकून उभी होती. ती बापाला म्हणाली, "दादा, माझे पैसे माझ्या हातात द्या."

गुरुजींची मान डोलायची थांबली. या पोरीने आजवर दोऱ्याचं रीळ आणि शाईची दौत यापलीकडे एकटीने काही घेतलं नव्हतं. परक्या मुलखात कुणी फसवलं, कुणी हिसकावलं, हिनेच भुलून काहीबाही घेतलं आणि शेवटच्या दिवशी हात हलवत बसली, तर दत्तराव सरांसमोर काय इज्जत राहील? आणि इज्जतीचं राहू द्या, पोर उपाशी राहील त्याचं काय? रात्रभर त्यांनी कूस बदलली. सकाळी शेवटी त्यांच्यातल्या मास्तराने तोड काढली. परीक्षा घ्यायची. विशाखाने एकटीने गंगाखेडला जायचं, प्रवासाला लागणारी पिशवी घ्यायची, दुपारचं खायचं, चहा घ्यायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचं. जमलं तर पैसा तिच्या हातात, नाही जमलं तर सरांच्या.

"गंगाखेड म्हंजे लंका समज," ते म्हणाले.

गुरुजींची आई चतुराबाई अंगणात तूर निवडत होती. ती हसली आणि म्हणाली, लंका जवळच आली म्हणायची. चतुराबाईचं वय सत्तरीच्या पुढे, पाठ सरळ, आणि जीभ त्याहून सरळ.

विशाखा सकाळच्या एसटीने गेली. आता परीक्षा घेणाऱ्याने घरी बसावं की नाही? पण बापाचा जीव. पंचायत समितीत काम निघालं असं बायकोला, सुलाबाईला सांगून गुरुजी मागच्या गाडीने गंगाखेडला पोचले आणि स्वतःच्याच मुलीच्या मागे चोरासारखे बाजारात फिरू लागले. सुलाबाईला कामाचं खरं वाटलं नव्हतं.

पिशवीच्या दुकानात विशाखाने कमाल केली. दोन पिशव्या नाकारल्या, तिसरीची शिवण ओढून पाहिली, भाव ऐकून सरळ पायरी उतरली आणि दुकानदाराने हाक मारल्यावरच परत चढली. उसाच्या गाडीआड उभ्या असलेल्या गुरुजींची छाती फुगली. कुणी पाहत नाही असं बघून त्यांनी स्वतःच्याच पाठीवर शाबासकी द्यायची तेवढी बाकी ठेवली.

मग दुपार झाली. विशाखा बाजारातल्या एका हॉटेलापाशी आली. आत बाकडी होती, भजी तळली जात होती, माणसं येत-जात होती. ती दारात थांबली. हात पैसे बांधलेल्या रुमालाच्या गाठीवर होता. कुणीतरी बाहेर आलं, तशी ती अंग चोरून बाजूला झाली आणि भिंतीवरची सिनेमाची जाहिरात वाचू लागली. वाचून झाल्यावरही वाचत राहिली. मग पुढच्या हॉटेलापाशी गेली. तिथेही तेच. उंबऱ्यापासून हातभर अंतर ठेवून, जणू कुणाची वाट पाहतोय असा चेहरा करून, ती उभी राहिली. नंतर नळावर पाणी प्याली आणि एसटी स्टँडवर जाऊन बाकावर बसली.

गुरुजींना ते उभं राहणं ओळखीचं होतं. ते त्यांचंच होतं. नोकरीच्या पहिल्या दिवशी शाळेत किटली आली, तेव्हा कपांमध्ये एक दांडी तुटलेला कप होता. किशनरावाच्या हॉटेलाबाहेरच्या कट्ट्यावर असले कप पालथे घालून ठेवलेले असत, गुरुजींच्या वस्तीतल्या लोकांसाठी. तो कप कुणासाठी आलाय हे कुणी सांगितलं नाही आणि सगळ्यांना कळलं. गुरुजी तेव्हा बावीस वर्षांचे होते. त्यांनी हात आडवा केला आणि म्हणाले, नको, जळजळतं. त्या दिवसापासून जळजळ त्यांना चिकटली ती चिकटलीच. कायदा त्यांना तोंडपाठ होता. शिवाशिव पाळणं गुन्हा आहे, हे ते चौथीच्या पोरांना शिकवत होते.

पुढे व्हावं, पोरीचा हात धरावा आणि तिला घेऊन आत जाऊन बसावं, असं त्यांना फार वाटलं. ते दोन पावलं गेलेही. मग थांबले. परीक्षेत मध्ये पडू नये, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि ते खोटं आहे हेही त्यांना त्याच वेळी कळलं. लाजेने त्यांचे कान तापले.

संध्याकाळी घरी विशाखाने पिशवी दाखवली आणि उरलेले पैसे बापापुढे ठेवले. उरले होते भरपूर. खाल्लं का, असं सुलाबाईने विचारलं. विशाखाने खाली पाहिलं.

"भूकच न्हाई लागली, माय. आन् बाहेरचं मला बाधतं."

आता गुरुजींनी बोलायला हवं होतं. ते बोललेही, पण भलतंच बोलले. पैसा कसा राखावा हे या पोरीकडून शिकावं, म्हणाले. घासाघीस चांगली केली, म्हणाले. विशाखा पहिल्या नंबराने पास.

चतुराबाईने सूप खाली ठेवलं.

"नापास," ती म्हणाली. "पैसा राखायला गावातलं कुत्रं बी बसवता येतंय. पोरीला खर्चायला धाडायलास का राखायला?"

गुरुजी खुलासा द्यायला लागले, पण म्हातारीने हाताने गप्प केलं आणि विशाखाला जवळ बसवलं. मग तिने आपल्या नवऱ्याची, म्हणजे गुरुजींच्या वडलांची, मुंजाजीची गोष्ट काढली. ती गोष्ट गुरुजींनी अर्धीच ऐकलेली होती. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चाले आणि हद्दीपलीकडे इंग्रजाचा कलदार. बार्शीला जायचं तरी पैसा बदलून घ्यावा लागे आणि कलदार महाग पडे. म्हणून म्हातारीच्या लेखी आजही परका मुलूख म्हणजे कलदार मुलूख. मुंजाजी एका साली हद्दीपलीकडे सोलापुरात गिरणीवर कामाला गेला. तिथे गिरणीच्या दारात एक हॉटेल होतं. आत कोण कुठला, हे कुणी विचारत नव्हतं. मुंजाजी बाकड्यावर बसला, चहा सांगितला, दांडीच्या कपात चहा आला. जन्मात पहिल्यांदा.

"मंग?" विशाखाने विचारलं.

"मंग काय. पैसे द्यायच्या वक्ताला त्यानं मनातल्या मनात कलदाराचा हाली केला. बापरे म्हणला, एवढ्यात घरी मिरची-मीठ येतंय. पुन्हा काय त्या हाटेलात गेला न्हाई. सहा म्हैने दारावरून गेला आन् आला. मरस्तोवर एकच बोलायचा, चतुरे, रोज प्यायला पायजे होता."

मग ती गुरुजींकडे न बघता म्हणाली, "पोरी, ध्यानात ठिव. कलदार मुलखात भाव मनात बदलायचा न्हाई. आन् उंबऱ्याशी उभं राहायचं न्हाई. पैसा आपला हाय, खुर्ची त्याच पैशाची हाय. बसायचं."



पुढच्या बाजाराला चतुराबाई स्वतः नातीला घेऊन गंगाखेडला गेली. गुरुजी चपला घालत होते. म्हातारीने त्यांना दारातच अडवलं आणि तू कशाला येतोस, तुला तर चहा बाधतो, असं हसत हसत सुनावलं. गुरुजींनी चपला काढल्या. दिवसभर त्यांचं वर्गात लक्ष नव्हतं. पोरांनी पाढे चुकवले आणि गुरुजींनी बरोबर म्हणून सोडून दिले.

संध्याकाळी दोघी आल्या त्या गाडीतून उतरण्याआधीच हसत होत्या. त्याच पहिल्या हॉटेलात गेल्या होत्या. चतुराबाई सरळ आत जाऊन पंख्याखालच्या बाकड्यावर बसली होती. वाढप्याने कुठले म्हणून विचारलं, तर म्हातारीने पालमचे आमी, बौद्ध हावोत, असं चार टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं होतं, आणि लगेच भजी ताजी आहेत का सकाळची, ते विचारलं होतं. वाढप्या गल्ल्याकडे बघत राहिला. गल्ल्यावरच्या माणसाने मान हलवली आणि भजी आली. ताजी होती. पैसे विशाखाने दिले, तेही उठून, गल्ल्यापाशी जाऊन. म्हातारीने ही हकीकत पुढे वस्तीत इतक्यांदा सांगितली की शेवटी भजी केवढी होती ते दर वेळी वाढत गेलं.

जायचा दिवस जवळ आला तशी वस्तीला लंका आपल्याच मालकीची वाटू लागली. कुणी विशाखाच्या हातावर खाऊला म्हणून चार आणे ठेवी आणि बरोबर एक मागणी. कुणाला लंकेची लवंग हवी होती, कुणाला शंख, कुणाला बुद्धाची पांढरी मूर्ती, आणि एका बाईला नवऱ्यासाठी घड्याळ. आता एवढ्या वरखर्चात घड्याळ! विशाखा सगळ्यांना हो म्हणत होती, कारण नाही म्हणायचं तिला माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी चतुराबाई काठी घेऊन अंगणात बसली. ज्याला खाऊ द्यायचा असेल त्याने द्यावा आणि तोंड बंद ठेवावं, ज्याला लवंग पाहिजे त्याने गंगाखेडहून आणावी, असा तिने हुकूम काढला. पोर परमुलखात खायला-प्यायला चालली आहे, सौदा करायला नाही.

परभणीच्या स्टेशनवर दहाही मुलं, त्यांचे आईबाप आणि वळकट्या जमल्या होत्या. दत्तराव सर एकेकाला विचारत फिरत होते. आईबाप कनवटीतून पैसे काढून सरांच्या हातात देत होते. सर गुरुजींपाशी आले. विशाखा आपल्या नव्या पिशवीचा बंद घट्ट धरून उभी होती आणि बापाच्या तोंडाकडे बघत होती. गुरुजींच्या खिशातली घडी त्यांच्या मुठीत होती. सरांकडे दिली तर सगळं सुरळीत होईल, एक पैसा इकडचा तिकडे होणार नाही. पण पोर मग पुन्हा कुणाच्या तरी दाराशी उभी राहून कुणीतरी द्यायची वाट बघेल, हेही त्यांना दिसत होतं.

त्यांनी घडी विशाखाच्या हातात दिली.

"हिचा पैसा हिच्याकडंच राहील, सर," ते म्हणाले. मग मुलीकडे वळून त्यांनी आवाज खाली आणला. "हिशेब मागनार न्हाई. उरवून आनलास तर मात्र रागवीन."

आयुष्यात हे वाक्य आपल्या तोंडून निघेल असं गुरुजींना वाटलं नव्हतं. गाडी हलल्यावर ते सुलाबाईला दोनदा म्हणाले की बरोबर केलं. सुलाबाई डोळे पुसत होती, पण तिनेही बरोबर केलं असंच सांगितलं.

तीन आठवड्यांनी विशाखा परत आली ती रापून, उंची वाढल्यासारखी दिसत, आणि बोलायची थांबेना. बोट कशी हलली, अनुराधपूरचा बोधिवृक्ष केवढा जुना, पौर्णिमेला रस्त्यात कागदाचे आकाशकंदील कसे लावतात. वस्ती अंगणात गोळा झाली. तिने प्रत्येकाच्या हातावर एकेक पिंपळाचं पान ठेवलं, बोधिवृक्षाखाली पडलेलं, वेचून आणलेलं. लोकांनी ते कपाळाला लावलं. लवंगेची आठवण कुणाला राहिली नाही. घड्याळवाल्या बाईलाही नाही, किंवा तिने काठीकडे बघून आठवण गिळली असेल.

लोक गेल्यावर चतुराबाईने विचारलं, "काय खर्चलीस?"

विशाखा म्हणाली, रोज चहा प्याले. विहारासमोर एका म्हातारीचं हॉटेल होतं. बिनदुधाचा काळा चहा, आणि बरोबर गुळाचा खडा तळहातावर ठेवायचा. खडा चावायचा आणि घोट घ्यायचा. पहिल्या दिवशी पैसे देताना तिने मनात भाव बदलला होता. एवढ्यात आपल्याकडे किती येतं, ते मोजलं होतं. दुसऱ्या दिवशी हॉटेलासमोरून सरळ पुढे निघूनही गेली होती. मग आजा आठवला. परत फिरली आणि बसली. ज्यांचा पैसा सरांकडे होता त्या पोरांना दर वेळी मागायला जायची लाज वाटे, म्हणून त्यांतल्या दोघींना तिने आपल्या पैशाने चहा पाजला होता. एकदा एका दुकानात फसलीही होती, शिंपल्यांची म्हणून घेतलेली माळ दुसऱ्या दिवशी तुटली. तेही तिने लपवलं नाही.

चतुराबाईने नातीचा तळहात हातात घेतला आणि गुळाचा खडा ठेवायची ती जागा अंगठ्याने कितीतरी वेळ चोळली. तिला रडू आलं होतं आणि ते तिला कुणी बघितलेलं चालणार नव्हतं.

गुरुजी कौतुकाने ऐकत होते. ऐकता ऐकता आपल्याला आता काहीतरी विचारलं जाणार, असं त्यांना वाटू लागलं. झालंही तसंच.

"दादा," विशाखा म्हणाली, "मद्रासला परत बदलून आनलेले थोडे उरल्यात. तुमी म्हनलाव उरवून आनू नको. चला, तुमाला चहा पाजते."

कुठे, हे त्यांनी विचारलं नाही. गावात हॉटेल एकच होतं.

सकाळची वेळ. किशनरावाच्या हॉटेलात पहिल्या गाडीचे प्रवासी आणि गावातले नेहमीचे लोक बसलेले. बाहेर कट्ट्यावर दांडी तुटलेले चार कप पालथे होते. गुरुजी उंबऱ्यापाशी आले आणि पाय आपोआप थांबला, इतक्या वर्षांची सवय. विशाखा थांबली नाही. ती आत गेली, मधलं टेबल बघितलं, खुर्ची ओढली आणि बापाकडे पाहिलं. घाई केली नाही, हाकही मारली नाही. बसून वाट पाहिली. गुरुजींनी उंबरा ओलांडला. आत येऊन मुलीसमोरच्या खुर्चीत बसले.

सगळ्यांनी वळून पाहिलं. कोपऱ्यातला एक जण अर्धा चहा टाकून उठला आणि बाहेर गेला. बाकीचे बसून राहिले. विशाखाने दोन चहा सांगितले, आवाज तिच्या आजीचा. किशनरावाची नजर एकदा बाहेरच्या कट्ट्यावर गेली, मग या समुद्रापलीकडे जाऊन आलेल्या पोरीवर आली. मनात त्याने काय हिशेब केला, तो त्यालाच ठाऊक. त्याने फळीवरचे दोन कप घेतले, दांडीचे, आणि चहा ओतला. टेबलावर ठेवताना काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, "गुरुजी, तुमाला तर चहा बाधतो ना?"

गुरुजींनी कप दांडीला धरून उचलला.

"न्हाई किशनराव. चहा मला पयल्यापासून लय आवडतो."

चहा फार गोड होता आणि थोडा जळकाही. गुरुजींनी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्याला, विशाखाला पैसे देऊ दिले आणि मग आणखी एक सांगितला. त्याचे पैसे मात्र त्यांनी स्वतः दिले, उठून, गल्ल्यापाशी जाऊन.